पाड्यावर माणसे किती, हे कोण ठरवतो?

खानदेशातल्या एखाद्या आदिवासी गावाची लोकसंख्या सरकारी पुस्तकात लगेच सापडते. पण शिरपूर, चोपडा, यावल तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला गेलो की त्या आकड्यात पाडा कुठेच दिसत नाही. जनगणना मोजते महसुली गाव. भिल्ल, पावरा राहतात पाड्यांत, एकमेकांपासून दूर. चार-पाच पाड्यांची बेरीज एका गावाच्या नावावर पडते. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र, असा निकष आहे. ते मिळते तेही बहुधा मोठ्या गावठाणाला, पाडा चालतच राहतो.

मित्रहो, आकडा फक्त जन्म-मृत्यूने बदलत नाही, रकान्यानेही बदलतो. इंग्रजांच्या काळात आदिवासींना 'अ‍ॅनिमिस्ट' म्हणून हिंदूंपासून वेगळे मोजत. १९११ ला अस्पृश्यांनाही वेगळे मोजायचे ठरले तेव्हा सवर्ण पुढाऱ्यांनी केवढा गहजब केला, हे बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'मध्ये सांगितले आहे. १९३२ च्या लोथियन समितीपुढे तर अस्पृश्यांची संख्याच नगण्य दाखवण्याचा खटाटोप झाला. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी स्वतंत्र टिपण जोडून त्याला उत्तर दिले. स्वातंत्र्यानंतर आदिवासी धर्माचा वेगळा रकानाही गेला. आज उरले आहे 'इतर धर्म व पंथ'.

महाराष्ट्रात १९७१ ला अनुसूचित जमाती ५.८६ टक्के होत्या, १९८१ ला ९.१९ टक्के. दहा वर्षांत एवढी बाळे जन्मली का? नाही. १९७६ च्या कायद्याने क्षेत्रबंधन उठले. नामसाधर्म्याचा फायदा घेणारेही त्यात घुसले, ही आदिवासी संघटनांची तक्रार आजही कायम आहे. आपलेही तसेच झाले. धम्म स्वीकारला म्हणून बौद्धांना अनुसूचित जातीतून वगळले. १९९० च्या दुरुस्तीनंतर १९९१ ला राज्यातील अनुसूचित जाती ७ टक्क्यांवरून एकदम ११ वर गेल्या. माणसे तीच होती!

जिल्ह्याची रेघ हलली तरी टक्केवारी हलते. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. २०११ ला नंदुरबारमध्ये आदिवासी ६९ टक्के, धुळ्यात ३१, जळगावात १४. म्हणजे नंदुरबारमध्ये जो बहुसंख्य, तोच धुळे-जळगावच्या जिल्हा परिषदेत अल्पसंख्य.

सगळ्यात मोठी गळती मात्र ऋतूची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. २०११ ची लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या पडावावर जातात, लेकरांसह. नियम असा की मोजणीचा पूर्ण काळ जो घरी नाही, त्याला घरी मोजायचे नाही, जिथे असेल तिथे मोजायचे. पडावावरच्या पालापर्यंत प्रगणक पोचला तर ठीक. पोचला तरी तो माणूस जमा होतो परक्या तालुक्यात. पाड्यावर राहतात म्हातारी माणसे आणि कुलूप नसलेली, कुड लोटलेली घरे. त्या उरलेल्या माणसांवर पुढची दहा वर्षे गावाचे राखीव प्रभाग, अंगणवाडी, निधी ठरतो.

आता येणाऱ्या गणनेत जात विचारली जाणार आहे. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. त्याआधी प्रत्येक पाड्याची घरनिहाय यादी, कोण कुठल्या कारखान्यावर गेले यासह, ग्रामसभेच्या ठरावाने तहसीलदाराकडे गेली पाहिजे. आणि त्याच आठवड्यांत बारडोलीकडच्या पडावांवर कोणीतरी उभे राहिले पाहिजे.