लहर एक, विमाने दोन
१/ सन १९३७. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी ‘गफ’ हे छोटे विमान रेडिओ-संदेशांवर उडवले.

२/ पुढे हा छंद फोफावला आणि प्रश्न उभा राहिला : एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन ट्रान्समीटर सुरू झाले, तर विमानाने कोणाचे ऐकावे? संदेशांच्या गोंधळात ते कोसळे.

३/ म्हणून मैदानांवर फळा आला. आपल्या चॅनेलचा चिमटा हाती असल्याविना ट्रान्समीटर सुरू करायचा नाही, हा दंडक ठरला.

४/ विसाव्या शतकानंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच रुळले. त्यांत रिसीव्हर एकाच ट्रान्समीटरशी बांधला जातो, हेच ‘बाइंडिंग’. परका संदेश तो मानत नाही. फळा निरुपयोगी ठरला. उड्डाणापूर्वी संदेशाचा पल्ला व सुकाणूची दिशा तपासण्याचा नेम मात्र आजही टिकून आहे.