वाळूचा फवारा आणि कारागिराचा श्वास



इतिहास म्हटला की उदगीरची लढाई, कंधारचा किल्ला आणि निजामी राजवट आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु अवजारांनाही इतिहास असतो, आणि पोटापाण्याला लागणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो अधिक उपयोगी असतो. 1911 साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातुरास आली. 25 डिसेंबर 2020 रोजी त्याच लातूरजवळच्या कारखान्यात रेल्वेच्या डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. लोखंडाचे काम आता आपल्या दाराशी आले आहे. ‘लातूर पॅटर्न’मधून सर्वच मुले डॉक्टर होत नाहीत. कोणी आय.टी.आय. करतो, कोणी नांदेडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लागतो, कोणी आखाती देशांची वाट धरतो. तेथे त्याची गाठ सँडब्लास्टिंगच्या यंत्राशी पडू शकते. आज त्या यंत्राचा इतिहास आपल्यापुढे ठेवतो.

दाबाखालील हवेच्या झोतातून वाळू किंवा तत्सम कठीण कण लोखंडावर मारायचे आणि गंज, जुना रंग, खवले काढून टाकायचे, यालाच सँडब्लास्टिंग म्हणतात. तारेच्या ब्रशाने जे काम दिवसभर पुरते, ते या झोताने थोड्या वेळात होते. शिवाय पृष्ठभाग किंचित खरबरीत झाल्यामुळे नवा रंग घट्ट धरतो. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्गमन यांनी 18 ऑक्टोबर 1870 रोजी या शोधाचे पेटंट मिळविले. काच कोरणे, दगडावर अक्षरे खोदणे, ओतीव लोखंड साफ करणे अशा अनेक कामांत हा शोध हां हां म्हणता रुळला.

योगायोग पाहा. त्याच 1870 साली व्हिस्कोंती नावाच्या इटालियन वैद्याने दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगास ‘सिलिकोसिस’ हे नाव दिले. अवजाराचे आणि रोगाचे बारसे जणू एकाच वर्षी झाले! रोग मात्र जुनाच होता. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाथरवटांच्या फुप्फुसांचाही विचार आहे. रोग्याला त्याचा धंदा कोणता हे वैद्याने अवश्य विचारावे, असा त्याचा आग्रह होता.

हे घडते कसे? देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटचा खडक आहे. त्याच्या झिजेतून आलेल्या वाळूत जे कण चमकतात, ते क्वार्ट्झचे, म्हणजे सिलिकाचे. नदीपात्रात ते निरुपद्रवी असतात. झोतातून लोखंडावर आपटले की त्यांचे पीठ होते. त्यातील सर्वांत सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाहूनही लहान असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, रुमालाने अडत नाहीत आणि फुप्फुसात खोल जाऊन बसतात. तेथे व्रण पडून फुप्फुस कडक होत जाते. काम सोडले तरी रोग वाढू शकतो, आणि तो पूर्ण बरा करणारे औषध नाही. अशा रोग्याला क्षयही लवकर गाठतो.

सप्टेंबर 1948 हा महिना आपल्या भागाच्या स्मरणात निराळ्या कारणांनी कोरलेला आहे. त्याच महिन्याच्या 23 तारखेस भारताचा कारखाना अधिनियम झाला आणि त्यातील कळविण्यायोग्य रोगांच्या यादीत सिलिकोसिस आला. पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, ब्रिटनने ओतीव वस्तू साफ करण्यासाठी वाळूचा झोत वापरण्यास बंदी केली. यंत्र किती लवकर साफ करते, याचे उत्तर 1870 मध्ये मिळाले होते. ते धरणाऱ्या माणसाचे काय होते, याचे उत्तर कायद्यात यायला 79 वर्षे लागली! 1963 च्या महाराष्ट्र कारखाना नियमांनीही हे काम धोकादायक कामांत गणले.

तरीही अनुभव पुनःपुन्हा घ्यावा लागला. ज्या पेन्सिलींनी आपल्या पिढ्या पाटीवर अक्षरे गिरवायला शिकल्या, त्या पेन्सिली घडविणारे मध्य प्रदेशातील मंदसौरचे अनेक कामगार याच धुळीने गेले. तुर्कस्तानात जीनच्या पँटला जुनेपणा आणण्यासाठी वाळूचा झोत मारीत. त्यात तरुण मुले आजारी पडली, तेव्हा 2009 साली तेथे या कामावर बंदी आली.

मग या इतिहासातून यंत्राची निवड कशी करावी? पहिली निवड कणांची. वाळू स्वस्त म्हणून घेऊ नये. गार्नेट, पोलादी ग्रिट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्यावे. ग्रिट गोळा करून पुनःपुन्हा वापरता येते, म्हणून शेवटी महागही पडत नाही. दुसरी निवड जागेची. लहान वस्तूंसाठी बंद पेटी, मोठ्यांसाठी धूळ ओढणाऱ्या पंख्यासह स्वतंत्र खोली असावी. तिसरी निवड श्वासाची. कारागिराच्या डोक्यावर बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे शिरस्त्राण हवे. कॉम्प्रेसरचे तेल तापले किंवा डिझेलचा धूर आत ओढला गेला, तर त्याच नळीतून विषारी वायू येतो, म्हणून गाळणी आणि धोक्याची घंटाही हवी. चौथी निवड मुठीची. हात सुटताच झोत आपोआप बंद व्हावा.

नोझलकडेही लक्ष असावे. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे: 8 मिलिमीटरचे छिद्र झिजून 10 झाले, तर क्षेत्रफळ 64 वरून 100 च्या प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपटीहून अधिक हवा लागते. कॉम्प्रेसर तेवढी हवा पुरवू शकला नाही तर दाब उतरतो आणि काम रेंगाळते. सुरक्षितता आणि किफायत या दोन गोष्टी येथे हातात हात घालून चालतात.

पालकहो, मुलगा अशा कामावर निघाला तर पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. झोतात काय वापरतात? शिरस्त्राणात हवा कोठून येते? छातीची तपासणी वर्षातून किती वेळा होते? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ती नोकरी नाकारण्यात कमीपणा नाही. आणि घरातील कोणाला असा खोकला लागला, तर डॉक्टरांना त्याचा धंदा आवर्जून सांगा, कारण हा रोग क्षय समजून अंगावर काढला जातो. हलाल रोजी कमावणाऱ्याचे शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळूनच काम करावे, एवढे आपल्या मुलांना शिकवू या.