कबुलीजबाबांचे वाचन : टेम्पलर पंथ आणि त्याचे दप्तर

युरोपीय मध्ययुगातील ‘शिव्हलरी’ या कल्पनेसाठी मराठीत आपण सर्रास ‘क्षात्रधर्म’ हा शब्द योजतो. शब्द भारदस्त आहे, पण फसवा आहे. क्षात्रधर्म जन्माने अंगावर येतो. नाइटपद मात्र विधीने, शपथेने आणि बहुधा पैशाच्या बळावर मिळत असे. घोडा, चिलखत आणि शस्त्रे स्वतःची बाळगणारा हा स्वार आपल्या शिलेदाराला बराच जवळचा वाटतो. बाराव्या शतकात उदयास आलेल्या टेम्पलर पंथाने मात्र या चित्रात एक विलक्षण बदल केला. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या टेम्पलरचा घोडाही त्याचा नव्हता, तो पंथाचा होता. मराठी लष्करी परिभाषेत सांगायचे तर शिलेदाराचा बारगीर झाला, आणि तोही संन्यस्त बारगीर!

पहिल्या धर्मयुद्धात 1099 साली जेरुसलेम ख्रिस्ती सैन्याच्या हाती आले. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी ह्यूग द पेयाँ आणि त्याचे काही सोबती यांनी यात्रेकरूंच्या रक्षणाचे व्रत घेतले. राजा दुसरा बाल्डविन याने त्यांना अल्‑अक्सा मशिदीच्या वास्तूत जागा दिली. हीच सॉलोमनच्या मंदिराची जागा अशी समजूत होती, आणि त्या ‘टेम्पल’वरून त्यांचे नाव पडले. 1129 च्या त्र्वाच्या धर्मसभेत त्यांना नियमावली मिळाली. क्लेअरव्होच्या बर्नार्डने त्यांच्या स्तुतिपर एक लेख लिहिला. त्यात सामान्य नाइटांची रेशमी वस्त्रे, लांब केस आणि रंगवलेली खोगिरे यांची त्याने यथेच्छ खिल्ली उडवली आहे. हाती तलवार धरणारा साधू ही कल्पना त्या काळच्या चर्चलाही पचायला जड होती. तिचे समर्थन करण्यासाठी बर्नार्डसारखा लेखणीबहाद्दर लागला, हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पंथाबद्दलची सर्वांत हृद्य नोंद मात्र एका प्रतिपक्षीयाची आहे. सीरियातील उमराव उसामा इब्न मुन्किध (1095–1188) याने आत्मवृत्तात सांगितले आहे की, जेरुसलेमला गेल्यावर त्याचे ‘मित्र’ टेम्पलर त्याला नमाजासाठी अल्‑अक्साजवळची एक लहानशी मशीद मोकळी करून देत. एकदा एका फ्रँकाने त्याला धरून पूर्वेकडे वळवले आणि प्रार्थना अशी करायची, असे बजावले. टेम्पलरांनी त्या माणसाला बाहेर काढले आणि हा नुकताच आला आहे, असे म्हणून उसामाची क्षमा मागितली. नव्या आणि मुरलेल्या माणसांतला हा फरक कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही.

1139 च्या पोपच्या आज्ञापत्रानुसार पंथ थेट पोपलाच उत्तरदायी झाला. दानांत मिळालेल्या जमिनी, यात्रेकरूंच्या ठेवी आणि हुंडीसारखे व्यवहार यांतून मोठी संपत्ती उभी राहिली. पॅरिसमधील टेम्पल हा तर फ्रान्सच्या राजाचाच खजिना होता. 1291 साली एकर पडले आणि पंथाचे प्रयोजन सरले; मालमत्ता मात्र उरली. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप पैशाला सतत मोताद असे. 1306 मध्ये त्याने ज्यूंना हद्दपार करून त्यांची मालमत्ता घेतली. त्याच वर्षी नाण्यांच्या गोंधळामुळे पॅरिसमध्ये दंगल उसळली, तेव्हा याच टेम्पलरांच्या गढीत त्याने आश्रय घेतला होता.

13 ऑक्टोबर 1307 रोजी पहाटे फ्रान्सभर टेम्पलरांना एकाच वेळी अटक झाली. दीक्षेच्या वेळी ख्रिस्ताला नाकारणे, क्रुसावर थुंकणे, अश्लील चुंबने, एका मस्तकाची पूजा असे आरोप होते. पॅरिसमध्ये चौकशी झालेल्या 138 जणांपैकी 134 जणांनी यांतले काही ना काही कबूल केले.

हा आकडा वाचून अनेक पिढ्यांनी टेम्पलरांना दोषी मानले. आम्हाला मात्र वाटते की, हे कबुलीजबाब वाचताना साहित्याचा विद्यार्थी इतिहासकारापेक्षा फारसा मागे राहू नये. या जबाबांचा कर्ता कोण? 1308 मध्ये तयार झालेल्या प्रश्नावलीत 127 कलमे होती. उत्तरांचे शब्द प्रश्नांतच होते. आरोपीने भर घातली ती बहुधा तपशिलाची. ज्या मस्तकाचे प्रत्येकाने वेगळे वर्णन केले, त्याला काही जबाबांत ‘बाफोमेत’ म्हटले आहे. हा तर ‘मुहंमद’ या नावाचा दक्षिण फ्रान्सच्या बोलीतला अपभ्रंश. मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या धर्माच्या प्रेषिताची मूर्ती चौकशी करणाऱ्यांच्या कल्पनेतच असणार! या एका शब्दावर पुढे केवढे गूढवादी वाङ्मय उभे राहिले, ते सर्वज्ञात आहे.

दुसरी गोष्ट भूगोलाची. इंग्लंडमध्ये यातना देण्याची प्रथा नव्हती. तेथे पोपच्या दडपणानंतरही गंभीर आरोपांची कबुली केवळ तिघांकडून मिळाली. सायप्रसमध्ये सर्वांनी आरोप नाकारले. कबुलीच्या नकाशावर यातनेचा नकाशा ठेवून पाहिला की दोन्ही बव्हंशी जुळतात.

1310 मध्ये पोपने नेमलेल्या आयोगापुढे पंथाच्या बचावासाठी सुमारे सहाशे जण उभे राहिले. त्यांत बर्नार्ड द व्हादो नावाचा एक धर्मगुरू होता. आगीच्या यातनेने टाचेतून गळून पडलेली हाडे त्याने आयोगापुढे ठेवली. 12 मे रोजी, आधीची कबुली फिरवली म्हणून, 54 टेम्पलरांना पॅरिसबाहेर जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी एमेरी द व्हिलिए‑ल‑द्यूक साक्षीला आला. त्या माणसांना गाड्यांतून नेताना त्याने पाहिले होते. आरोप खोटे आहेत, पण आपल्यावर ती वेळ आली तर प्रत्यक्ष प्रभूला आपणच मारले असेही आपण कबूल करू, असे तो म्हणाला. आपले हे बोलणे राजाच्या माणसांना कळू देऊ नका, अशी विनवणीही त्याने केली. लेखनिकाने ते बोलणे लिहून घेतले आणि ती विनवणीही लिहून घेतली. एकोणिसाव्या शतकात इतिहासकार मिशले याने हे दप्तर छापले, तेव्हा दोन्ही एकाच पानावर सर्वांसमोर आले. संपूर्ण दप्तरात आम्हाला सर्वांत विश्वसनीय वाटतो तो हाच जबाब. तो कोणत्याही कलमाचे उत्तर नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पाचव्या क्लेमेंट पोपने 1312 मध्ये पंथाला दोषी न ठरवता विसर्जित केले आणि त्याची मालमत्ता हॉस्पिटलर पंथाला दिली. मार्च 1314 मध्ये महागुरू जाक द मोले याने कबुली नाकारली आणि तो जाळला गेला. पोपच्या प्रतिनिधींनी 1308 मध्येच शिनाँ येथे मोलेला पापमुक्त केल्याची नोंद बार्बरा फ्राले यांना व्हॅटिकनमध्ये 2001 साली सापडली. दान्तेने आपल्या महाकाव्यात फिलिपला ‘नवा पायलेट’ म्हटले होते, ते दुसऱ्या प्रकारचे दप्तरच म्हणायचे.

पोर्तुगालमध्ये राजा दिनिश याने पंथाची मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही. 1319 मध्ये तिच्यातूनच ‘ख्रिस्ताचा पंथ’ निघाला. 1420 पासून राजपुत्र हेन्री त्याचा प्रशासक होता. पंथाचा लाल क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर आला. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून ‘इंडीज’पर्यंतच्या प्रदेशांवरील धार्मिक अधिकार 1456 मध्ये पोपने तोमार येथील याच पंथाला दिला. वास्को द गामा 1498 साली कालिकतला आणि आल्बुकेर्क 1510 साली गोव्यात पोहोचला, तो या व्यवस्थेच्या छायेत. 1560 पासून 1812 पर्यंत गोव्यात चाललेल्या इन्क्विझिशनच्या न्यायालयातही कबुलीजबाब लिहून घेतले जात होते. त्या खटल्यांची बहुतेक मूळ कागदपत्रे आज उरलेली नाहीत. त्यांत एखाद्या एमेरीची विनवणी होती की नाही, हे पाहायला पानच शिल्लक नाही.