नियंत्रणकक्षाचे दार

लंडनमध्ये टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर बॅटरसी येथे एक जुने वीजगृह आहे. त्यात दोन नियंत्रणकक्ष आहेत. त्यांना 'अ' आणि 'ब' अशी नावे आहेत. वीजगृह बंद पडल्यावर सुमारे एकोणचाळीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२२ रोजी, त्याच्या नूतनीकृत वास्तूचे दार सर्वसामान्यांसाठी उघडले. त्या वेळी या दोन कक्षांविषयी मालकांनी जे निर्णय घेतले ते परस्परांहून भिन्न आहेत. 'ब' कक्षात मद्यगृह झाले. तेथे पेयाचे पैसे देऊ शकणारा कोणीही जाऊन बसतो. 'अ' कक्ष मात्र समारंभांसाठी भाड्याने दिला जातो. एकाच इमारतीत हा भेद का पडला, याचा शोध घेऊ लागल्यास प्रथम ही वास्तू कोणी व कशासाठी उभारली तेथवर मागे जावे लागते.

अनेक खाजगी वीज कंपन्यांनी एकत्र येऊन १९२५ साली लंडन पॉवर कंपनी स्थापन केली. मोठी वीजगृहे बांधून स्वस्त वीज निर्माण करावी, हा तिचा हेतू. शहराच्या मध्यभागाजवळ एवढे प्रचंड वीजगृह होणार, हे कळताच लोकांनी आक्षेप घेतला. धुराने इमारती काळ्या पडतील, उद्याने करपतील आणि नदीकाठ विद्रूप होईल, अशी त्यांची तक्रार होती. कंपनीने धुरातील गंधक धुऊन काढण्याची व्यवस्था केली आणि इमारतीच्या बाह्य रूपासाठी सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांस नेमले. अंतर्भागाची सजावट थिओ हॅलिडे यांच्याकडे होती. 'अ' कक्षाच्या भिंती इटालियन संगमरवराने मढविल्या, वर काचेचे छत घातले, खाली लाकडी तुकड्यांची नक्षीदार जमीन केली. ती जमीन चरे पडून खराब होऊ नये म्हणून तेथे काम करणारे लोक बुटांवर नमद्याची आवरणे घालीत, असे सांगतात. फलकांवरच्या यंत्रांखाली वीज लंडनच्या ज्या ज्या भागांत जाई त्यांची नावे लिहिलेली होती.

जेथे मोजक्या कर्मचाऱ्यांखेरीज कोणी पाऊल ठेवावयाचे नाही, तेथे संगमरवर कशासाठी? याचे उत्तर वरील वादातच सापडते. जिच्यावर लोकांचा राग होता त्या कंपनीला आपण केवळ धूर ओकणारा कारखाना नव्हे हे पटवून द्यावयाचे होते, आणि पटवावयाचे तर दाखवावे लागते. मात्र ज्यांना दाखवावयाचे ते संचालक व प्रतिष्ठित मंडळी. आक्षेप घेणारा नागरिक नव्हे. मराठीत या भेदासाठी निरनिराळे शब्द आहेत. पाहुणा बोलावलेला असतो. अभ्यागत दाराशी येतो आणि यजमानाच्या मर्जीने आत घेतला जातो. आगंतुक न बोलावता येतो. प्रेक्षक यांहून वेगळा, कारण त्याचा अधिकार पाहण्यापुरताच असतो. नियंत्रणकक्ष उघडावा की नाही, हा प्रश्न वस्तुतः 'कोणासाठी' असा असतो. इंग्रजीतील एकच 'व्हिजिटर' हा शब्द तो प्रश्न झाकून टाकतो.

भीती अर्थातच निराधार नव्हती. २० एप्रिल १९६४ रोजी बॅटरसीतील आगीमुळे लंडनच्या मोठ्या भागात वीज गेली आणि त्याच रात्री सुरू व्हावयाचे बीबीसीचे दुसरे दूरचित्रवाणी केंद्र दुसऱ्या दिवसावर ढकलावे लागले. एका ठिकाणी झालेल्या बिघाडाचा पसारा एवढा असेल, तर तेथे अनोळखी माणूस नको, असे चालकांस वाटणे स्वाभाविकच. आपल्याकडेही १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यानुसार वीज व पाणी पुरविणारी केंद्रे अधिसूचनेद्वारे निषिद्ध स्थाने ठरविता येतात.

परंतु काम चालू असताना पाहणाऱ्याला आत घेणे अशक्यच आहे, असे मात्र नाही. अमेरिकेच्या १९५८ च्या अंतराळ कायद्याने आपल्या कार्याची माहिती शक्य तितक्या विस्तृत प्रमाणात प्रसृत करण्याचे बंधन घातले होते. ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षात कर्मचाऱ्यांच्या मागे काच लावून प्रेक्षकांसाठी सज्जा केला होता. अपोलो १३ चे संकट १९७० साली उद्भवले तेव्हाही तो सज्जा जागच्या जागी होता. काचेने आवाज व हात दोन्ही अडविले, दृष्टी अडविली नाही. ही सोय सरकारी पैशाच्या कामात झाली, खाजगी कंपनीत नव्हे. हे विसरता येत नाही. अर्थात त्या काचेचे महत्त्व पुढे अधिक कळले. १९९२ नंतर कक्ष वापरातून गेला, लोक आत हिंडू लागले, आणि मंचावरची बटणे व इतर लहानसहान वस्तू आठवण म्हणून नाहीशा होऊ लागल्या. २०१९ साली पूर्वीच्या रूपात पुन्हा सजविल्यावर प्रेक्षकांना काचेमागेच बसविण्यात आले.

बॅटरसीची कथा याच्या उलट आहे. 'अ' विभाग १९७५ मध्ये आणि 'ब' विभाग १९८३ मध्ये बंद झाला. वास्तूला संरक्षण १९८० मध्ये मिळाले. बंद पडल्यावर कित्येक दशके छत उघडे पडले होते. त्या काळातही 'अ' कक्षाला चित्रपटवाल्यांची वाट ठाऊक होती. २०१० च्या 'द किंग्ज स्पीच'मध्ये तोच बीबीसीचा नियंत्रणकक्ष म्हणून दिसतो. म्हणजे ज्या वीजगृहाच्या आगीने १९६४ साली बीबीसीला अंधारात ठेवले, त्याच वीजगृहाच्या खोलीला पडद्यावर बीबीसी व्हावे लागले! नव्या मालकांपुढे सुरक्षेचा जुना प्रश्न नव्हता, कारण यंत्रे निर्जीव होती. त्यांच्यापुढे जागेच्या मूल्याचा प्रश्न होता. युद्धोत्तर काळातील, पोलादी, साधा 'ब' कक्ष त्यांनी सर्वांना दिला. संगमरवरी 'अ' कक्षात मात्र पूर्वीप्रमाणेच निमंत्रण लागते. तेव्हा कंपनीच्या संचालकांच्या पाहुण्यांना ते लागे, आता भाडे भरणाऱ्याच्या पाहुण्यांना लागते.