कृत्रिम प्रसववेदना

गर्भवतीस आपोआप कळा सुरू होण्यापूर्वी औषधांनी अथवा अन्य उपायांनी कळा सुरू करून प्रसूती घडवून आणणे, यास कृत्रिम प्रसववेदना असे म्हणतात. बोलीभाषेत याला 'कळा आणणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे. आपोआप सुरू होऊन मंदावलेल्या कळा वाढवणे हा याहून निराळा उपचार होय. गर्भ पोटात राहू देण्याचा धोका प्रसूती घडवून आणण्याच्या धोक्यापेक्षा अधिक आहे असे दिसल्यास डॉक्टर हा सल्ला देतात. तो स्वीकारावा की काही दिवस थांबावे, हे गर्भवतीच्या संमतीनेच ठरते.

कालगणना

गर्भावस्थेचा काळ शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरला जातो. ४२ आठवडे पूर्ण झाल्यावर दिवस उलटले असे मानतात. पाळी अनियमित असल्यास किंवा तारीख नीट आठवत नसल्यास ही गणना चुकू शकते. अशा वेळी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक विश्वसनीय ठरते. ३९ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळास श्वसनाचा त्रास होण्याचा संभव काहीसा अधिक असल्याने तारखेची खातरजमा महत्त्वाची आहे.

कारणे

गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब, मधुमेह, गर्भजलाची पिशवी फुटूनही कळा न येणे, गर्भाची वाढ खुंटणे आणि दिवस उलटणे ही प्रमुख कारणे होत. वार गर्भाशयमुखावर असल्यास, मूल आडवे असल्यास किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेत गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा छेद घेतलेला असल्यास कळा आणल्या जात नाहीत.

पद्धती

प्रथम गर्भाशयमुखाची तपासणी करतात. एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली मांडलेल्या गुणांकनात गर्भाशयमुख किती उघडले, किती पातळ व मऊ झाले, त्याची दिशा आणि बाळाचे डोके किती खाली आले हे पाहिले जाते. गुण कमी असल्यास प्रोस्टाग्लँडिनची जेल, मिसोप्रोस्टॉलच्या अल्प मात्रेच्या गोळ्या किंवा फुगा असलेली फोली नळी वापरून गर्भाशयमुख आधी तयार करतात. त्यानंतर गर्भजलाची पिशवी फोडणे व ऑक्सिटोसिनचे सलाईन लावणे हे उपाय योजतात. ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार करणारे व्हिन्सेंट द्यू विन्यो यांना १९५५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिलटकरणीच्या बाबतीत या प्रक्रियेस एक दिवसाहून अधिक काळ लागू शकतो. कळा फार जवळजवळ येऊन बाळाच्या हृदयाचे ठोके बिघडण्याची शक्यता असल्याने सतत देखरेख आवश्यक असते. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीस गर्भाशयाचा जुना व्रण फाटण्याचा धोका असतो. तिच्यासाठी मिसोप्रोस्टॉल टाळतात.

संशोधन

कळा आणल्याने सिझेरियन वाढते, असा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेत ६,१०६ निरोगी पहिलटकरणींवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के, तर वाट पाहणाऱ्या गटात २२.२ टक्के आढळले. बाळांच्या गंभीर समस्यांत मात्र निर्णायक फरक दिसला नाही.

स्वीडनमधील २,७६० स्त्रियांच्या चाचणीत ४१व्या आठवड्यात कळा आणणे आणि ४२ आठवड्यांपर्यंत थांबणे यांची तुलना झाली. थांबलेल्या गटात ६ बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही; त्यामुळे ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. तथापि मूळ धोका अल्पच असतो. २०२० सालच्या कॉक्रेन समीक्षेनुसार एक बालमृत्यू टाळण्यासाठी सुमारे ५४४ स्त्रियांना कळा आणाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झालेल्या स्त्रियांसाठी हा उपचार सुचवते. त्यापूर्वी, गुंतागुंत नसल्यास, सुचवत नाही.

महाराष्ट्रातील चाचणी

नागपूर येथील दोन शासकीय रुग्णालयांत उच्च रक्तदाब असलेल्या ६०२ गर्भवतींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या घेतलेल्या ५७ टक्के, तर फोली नळी वापरलेल्या ४७ टक्के स्त्रियांची प्रसूती २४ तासांत योनिमार्गे झाली. स्वस्त गोळीचा उपयोग सिद्ध झाल्याने अल्पसाधन रुग्णालयांच्या दृष्टीने ही चाचणी महत्त्वाची ठरली.

निर्णय

सल्ल्यामागील कारण कोणते, यावर निर्णयाची निकड अवलंबून असते. तीव्र रक्तदाबात विलंब माता व बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. केवळ ४० आठवडे पूर्ण झाले असतील तर विचारास सहसा अवधी असतो. तारीख कशावरून ठरवली, गर्भाशयमुख तयार आहे का, कोणती पद्धत वापरणार, वेदनाशमनाची सोय आहे का आणि कळा न आल्यास पुढे काय, हे प्रश्न गर्भवतीने विचारणे योग्य ठरते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ सालच्या निकालानुसार उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती देऊन संमती घेणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला मोलाचा असला, तरी संमती सज्ञान गर्भवतीचीच लागते.

थांबायचे ठरल्यास बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची व गर्भजलाची नियमित तपासणी करतात. या तपासण्यांनी धोका पूर्णपणे टळत नाही. बाळाची हालचाल मंदावल्यास, रक्तस्राव झाल्यास, पाणी गेल्यास किंवा तीव्र डोकेदुखी होऊन दृष्टी अंधुक झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते.