शिकायचे वय

मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी जे लिहायचे ते लिहून जाते, अशी समजूत महाराष्ट्राच्या घराघरांत होती. बाईच्या बाबतीत त्या लिखिताला आणखी एक जोड होती. मुलीच्या हाती पाटी-पुस्तक आले तर ती विधवा होते, असे एकोणिसाव्या शतकातले पुणे मनापासून मानत होते. बाईची अक्कल चुलीपुरती, आणि तीही ठरावीक वयानंतर वाढायची नाही, हे कोणी सिद्ध करून दाखवावे लागत नव्हते. अशा गावात लग्न झालेल्या, मुले झालेल्या, वैधव्य आलेल्या बायका पंचविशी-तिशीत मुळाक्षरे गिरवू लागल्या. बुद्धी जन्मजात ठरलेली नसते, प्रयत्नाने वाढते, हा विचार आज ‘ग्रोथ माइंडसेट’ या नावाने आपल्याकडे आला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या २००६ सालच्या पुस्तकाने तो जगभर पोचवला. आता शाळांच्या भिंतींवर आणि कंपन्यांच्या शिबिरांत त्याचा उपदेश होतो, आणि तो बहुधा एकट्या माणसाला उद्देशून असतो: आधी स्वतःवर विश्वास ठेव, मग जमेल. पुण्यातल्या या बायकांचा इतिहास मात्र नेमका उलटा क्रम दाखवतो. त्यांना आधी जागा मिळाली, वेळ मिळाला, शिकवणारे माणूस मिळाले. आपल्याला येते हा विश्वास त्यानंतर आला.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण घ्या. १८७३ मध्ये लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि महादेव गोविंद रानडे एकतिसांचे. माहेरी त्यांना अक्षरओळख झालेली नव्हती. शिकवणे सासरी आल्यावर नवऱ्याने सुरू केले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली आले. ते वाचताना लक्षात राहते ती घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची नाराजी. दिवसभर त्यांच्या टोमण्यांखाली वावरायचे आणि उरलेल्या वेळात धडा तयार करायचा, अशी ती वर्षे गेली. शिकायची ओढ त्या मुलीने माहेरून आणली नव्हती. ती शिकता शिकता लागली. शिवाय रमाबाईंकडे जे होते ते पुण्यातल्या बहुतेक बायकांकडे नव्हते: न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला, हट्टाने शिकवणारा नवरा. हे त्यांनी पुरते ओळखले होते, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले तेव्हा तिथे प्रौढ बायकांसाठी वर्ग होते, आणि पुढे परिचारिकांचे शिक्षणही आले. एका घरात एका नवऱ्याने जे केले ते ज्यांच्या घरात कोणी करणार नव्हते, अशांसाठी त्यांनी संस्था काढली.

हिंगण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झाले की कर्वे चिखलवाटेने पायी तिकडे जात आणि आश्रमातल्या बायकांना शिकवत. याच आश्रमाच्या कामात पुढे आलेल्या पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या मेहुणी. जन्म १८७० चा, कोकणातला. ऐन तारुण्यात वैधव्य आलेले, पदरी एक मुलगा. कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या त्यांच्या सख्ख्या बहीण गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, आधीच पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. ते सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले होते. बहिणीच्या आधाराने पार्वतीबाई पुण्याला आल्या आणि पंचविशी ओलांडल्यावर शिकायला बसल्या. पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या गावोगाव फिरल्या, सभांमधून बोलल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी धड येत नसताना, ते शिकायला त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. हे सगळे ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्रात आहे. या बाईला पंचविशीच्या आधी कोणी हुशार म्हटले असते का? कोकणातल्या घरात राबणारी एक विधवा, एवढीच तिची ओळख राहिली असती. तिच्या अंगच्या गुणांचा पुरावा वर्ग मिळाल्यानंतरचा आहे.

यावर कोणी म्हणेल की पार्वतीबाई लाखात एक होत्या आणि अशा माणसांवरून नियम काढता येत नाही. लाखात एक होत्या, मान्य आहे. पण हिंगणे आणि सेवासदन यांचे काम अशा एका-दोघींपुरते नव्हते. तिथून बायका शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, पगार घेऊन मुले वाढवू लागल्या. त्यांतल्या बहुतेकींची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, आणि माझ्या दृष्टीने खरा पुरावा त्यांचाच आहे. साधारण वकुबाच्या माणसाला नियमित वेळ आणि नीट शिकवणी मिळाली की तो बराच पुढे जातो, हे त्यांनी आयुष्याने दाखवले.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. हे सारे प्रामुख्याने ब्राह्मण विधवांपुरते घडले. ज्यांना जातीनेच अक्कल नाकारली होती त्यांचे काय? याचे उत्तर याच पुण्यात, चाळीसहून अधिक वर्षे आधी मिळालेले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि शाळेत जाऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. धर्माच्या ठेकेदारांना तिने विचारलेले प्रश्न आजही वाचणाऱ्याला गप्प करतात. त्याच वर्षी फुल्यांनी दिवसभर कष्ट करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. मुक्ताचे पुढचे लेखन मात्र आज उपलब्ध नाही. तीन वर्षांच्या शाळेने जे उमलले त्याला पुढे आधार देणारी व्यवस्था तिच्या समाजाभोवती नव्हती. तिची जिद्द कमी पडली, असे म्हणायची हिंमत कोणी करू नये.

सुधारकही या समजुतींतून पुरते सुटले नव्हते. स्त्रियांना पुरुषांसारखेच आणि त्यांच्याबरोबरच शिक्षण द्यावे, असे आगरकर आपल्या ‘सुधारक’ या पत्रातून स्पष्ट लिहीत होते. कर्व्यांनी मात्र १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले ते जपानमधल्या महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून. बायकांचे जीवनकार्य वेगळे, तेव्हा अभ्यासक्रमही वेगळा हवा, हा त्यामागचा विचार होता. मला तो पटत नाही. वाढीला कुंपण घालूनच वाढू देण्याचा तो प्रकार होता. तरीही मातृभाषेतून शिकवण्याच्या त्यांच्या निर्णयाने ज्यांना कॉलेजचे दार कधी दिसले नसते अशा अनेकींना ते दिसले, हेही तितकेच खरे.

उरतो एक प्रश्न: मनात जिद्दच नसेल तर वर्ग काढून काय उपयोग? जिद्द लागते, यात वाद नाही. पण ती कशावर पोसली जाते, ते पाहावे. २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बुद्धी वाढते हे तासाभरापेक्षा कमी वेळाच्या ऑनलाइन पाठातून सांगितल्यावर मागे पडलेल्या मुलांचे गुण थोडेसे सुधारले; आणि जिथे सोबतच्या मुलांमध्ये अवघड गणिते अंगावर घेण्याची रीत होती, अशा शाळांत तो परिणाम अधिक दिसला. हिंगण्याच्या झोपडीत शंभर वर्षांपूर्वी हेच दिसले होते. आजही आपल्या ओळखीत एखादी बाई घरकाम, मुले, नोकरी सांभाळून १७ नंबरचा फॉर्म भरते आणि शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसते. तिला ‘तुला नक्की जमेल’ असे जरूर सांगावे, पण त्याबरोबर तिच्या संध्याकाळच्या दोन तासांचा स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कोणीतरी परीक्षेपर्यंत आपल्याकडे घ्यावा.