काळापहाड आणि एक कपाट

बाबूराव अर्नाळकर १९९६ साली गेले, मागे हजाराहून अधिक रहस्यकथा ठेवून. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू... मंडळी, आमच्या पिढीने हे सगळे अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. वाचनाची चटक लागली ती तिथेच. पण पातळ, स्वस्त पुस्तकं ती. या हातातून त्या हातात फिरली, फाटली, रद्दीत गेली. घराघरांत वाचक घडवणाऱ्या लेखकाला घरच्या कपाटात मात्र जागा मिळाली नाही.

पुढच्या महिन्यात मी मलकापूरचं घर आवरून वृद्धाश्रमात राहायला जातेय. तिथे एक कॉट, एक कपाट. जाडजूड ग्रंथ वाचनालयाला देऊन टाकले. अर्नाळकरांची अकरा पुस्तकं तेवढी बरोबर नेतेय. लेक म्हणाली, "आई, नेमकी हीच?"

म्हटलं, बाकीच्यांना सांभाळणारे पुष्कळ आहेत गं!